तिसरा दिवा

‘वॉल-ई’ या २००८ सालच्या चित्रपटात एक अगदी छोटी गंमत आहे. वॉल-ई आणि ईव्ह हे दोन यंत्रमानव अंतराळात मनसोक्त भिरभिरून झाल्यावर ‘ॲक्सिअम’ या अवाढव्य जहाजाच्या एका दारातून आत शिरतात आणि दार मिटतं. बाहेर वेल्डिंग करत असलेला एक पिवळा यंत्रमानव मान वळवतो, आपण बाहेरच राहिलो हे त्याच्या ध्यानात येतं आणि तो दारावर हात आपटतो. एवढंच. पुढच्या क्षणी कॅमेरा आत गेलेला असतो, कारण गोष्ट आत गेलेल्यांची आहे. प्रेक्षक हसतात आणि विसरतात. दारावर हात आपटणाऱ्या त्या गड्याचं आधी काय झालं होतं आणि नंतर काय झालं, ते सांगणारा सुमारे साडेसात मिनिटांचा लघुपट म्हणजे ‘बर्न-ई’. दिग्दर्शक अँगस मॅक्लेन, स्टुडिओ पिक्सार.

या पुस्तिकेत पुढे त्याची दृश्यवार फोड केलेली आहे. कोणत्या चौकटीत काय दिसतं, कुठे कट आहे, मूळ चित्रपटातलं कोणतं दृश्य कुठे बेमालूम बसवलं आहे, हे सगळं तिथे नीट मिळेल, म्हणून मी ते इथे उगाळत नाही. मला बोलायचं आहे ते एका विशेषणाबद्दल. या लघुपटाचं वर्णन बहुतेक वेळा ‘एका कष्टाळू यंत्रमानवाची गोष्ट’ असं केलं जातं. ते चूक नाही. पण ‘कष्टाळू’ म्हटलं की आपल्या मनात पुढचं वाक्य आपोआप तयार होतं: कष्ट करा, लक्ष देऊन करा, फळ मिळेल. शाळेतल्या भिंतीवर लिहिलेलं असतं तसं. ‘बर्न-ई’ हे वाक्य हातात घेतो आणि साडेसात मिनिटांत त्याचा भुगा करतो. तेही हसत हसत, म्हणून बऱ्याच जणांच्या ते लक्षात येत नाही.

आधी थोडं जन्माविषयी. डीव्हीडीच्या जमान्यात मोठ्या चित्रपटाबरोबर काहीतरी जोडून द्यायची पद्धत होती, म्हणजे चित्रपटगृहात एकदा पैसे मोजलेला माणूस घरीही तबकडी विकत घेईल. पिक्सारने ‘मॉन्स्टर्स, इन्क.’बरोबर ‘माइक्स न्यू कार’ दिला, ‘द इन्क्रेडिबल्स’बरोबर ‘जॅक-जॅक अटॅक’, ‘कार्स’बरोबर ‘मेटर अँड द घोस्टलाइट’. यांत बहुतेक वेळा लोकांचं आवडतं पात्रच पुन्हा भेटायला येतं. ‘जॅक-जॅक अटॅक’ची गंमत थोडी वेगळी: घरचे सगळे दूर बेटावर लढत असताना, त्याच काळात घरी राहिलेल्या तान्ह्या बाळाने सांभाळायला आलेल्या मुलीची काय दैना केली, ते त्यात आहे. ‘बर्न-ई’ने हाच धागा पुढे नेला. मात्र इथे नायक म्हणून जो उभा केला, त्याला मूळ चित्रपटात कोणी ओळखतही नव्हतं.

नाटकवाल्यांना इथे टॉम स्टॉपार्ड आठवेल. ‘हॅम्लेट’मधली रोझेनक्रान्त्स आणि गिल्डनस्टर्न ही दोन किरकोळ माणसं घेऊन त्याने १९६६ साली नाटक रंगमंचावर आणलं, ज्यात हॅम्लेट अधूनमधून कडेने येऊन जातो. राजवाड्यात काय शिजतंय याचा पत्ता नसलेले दोघे तिथे मध्यभागी असतात. मॅक्लेनने हेच केलं आहे, फक्त तत्त्वचर्चेच्या जागी वेल्डिंग आहे. मला विचाराल तर हा बदल फायद्याचा ठरला. स्टॉपार्डची दोन पात्रं रिकामी असतात, वेळ कसा काढायचा हा त्यांचा प्रश्न. बर्न-ईला वेळच नसतो. त्याच्यामागे काम लागलेलं आहे, आणि ते काम पुन्हा पुन्हा पहिल्या पायरीवर येतं ते दुसऱ्यांच्या थोर आयुष्यामुळे.

सुरुवातच बघा. ईव्हच्या यानाला बाहेरून लटकलेला वॉल-ई एका वलयांकित ग्रहाजवळून जाताना हात पुढे करून त्या चमचमत्या कणांना स्पर्श करतो. मूळ चित्रपटातल्या सर्वांत देखण्या क्षणांपैकी तो एक. पृथ्वीवर एकटाच कचरा दाबत राहिलेल्या यंत्राला विश्वाचं सौंदर्य पहिल्यांदा दिसतं, संगीत भरून येतं, आपणही भरून येतो. ‘बर्न-ई’ तिथूनच सुरू होतो, आणि सांगतो की त्या हळुवार स्पर्शाने एक खडा जागचा हलला, भरकटत गेला आणि ‘ॲक्सिअम’च्या बाहेरच्या एका दिव्यावर आदळला. दिवा गेला. नायकाचा काव्यमय क्षण म्हणजे दुरुस्ती खात्याच्या वहीतली एक नवी नोंद. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोठ्याने हसलो आणि मग मूळ चित्रपटातलं ते दृश्य मला पूर्वीसारखं कधीच पाहता आलं नाही.

बर्न-ई निघतो. जहाजाच्या अंगावर रूळ बसवलेले आहेत आणि तो त्या रुळांना जखडलेला आहे. रूळ जिथे नेईल तिथे जायचं. स्टोअरमधून नवा दिवा घ्यायचा, बाहेर जायचं, जुना काढायचा, नवा बसवायचा, डाग द्यायचा, परत यायचं. पहिल्या वेळी तो वेल्डिंग करत असतानाच वॉल-ईला लटकवून आणणारं यान समोरून येतं. बर्न-ई बघत राहतो, हातातली ज्योत चालूच, आणि दिव्याचे दोन तुकडे. दुसऱ्या वेळी अंतराळात स्फोट होतो, हाही मूळ चित्रपटातला गाजलेला प्रसंग, आणि तो तिकडे पाहत असताना दिवा हातून सुटून तरंगत दूर निघून जातो. तिसऱ्या वेळी तो मान वर करत नाही.

मधल्या फेऱ्यांमध्ये आपल्याला स्टोअर सांभाळणारा सप्लाय-आर भेटतो. हे पात्र मला बर्न-ईइतकंच प्रिय आहे. कारखान्यात काम केलेल्या कुणालाही तो लगेच ओळखता येईल. हा माणूस (यंत्र म्हणा) वाईट नसतो, ओरडत नाही, कागद मागत नाही. फक्त तीच वस्तू दुसऱ्यांदा मागायला आलात की तुमच्याकडे अशा नजरेने बघतो की त्यापेक्षा मेमो मिळालेला बरा. एक शब्द न बोलता, जवळजवळ न हलता सप्लाय-आर ही नजर देतो. लघुपटात खलनायक कोणीच नाही, वरिष्ठ अधिकारीही कुठे आरडाओरडा करत नाही, आणि तरी बर्न-ईवर किती दडपण आहे ते आपल्याला या एका खिडकीवरून कळतं.

आता तिसऱ्या दिव्याकडे येऊ, कारण माझं म्हणणं त्या दिव्यावर उभं आहे. पहिल्या दोन फेऱ्या पाहून कोणीही म्हणेल की हा उपदेश आहे: लक्ष विचलित झालं की काम बिघडतं. गोष्ट इथवरच असती तर मी ही प्रस्तावना लिहायला घेतली नसती. तिसऱ्या वेळी बर्न-ई शहाणा होतो. त्याच्या पाठीमागे वॉल-ई आणि ईव्ह तो प्रसिद्ध अंतराळनाच करत असतात, ज्या दृश्यासाठी लोक अजून ‘वॉल-ई’ पुन्हा लावतात, आणि हा त्याकडे पाठ करून सांधा पुरा करतो. दिवा बसतो. अगदी नियमाप्रमाणे केलेलं निर्दोष काम. आणि नेमक्या त्याच वेळी ते दोघे त्याच्या दारातून आत जातात आणि दार बंद होतं. लक्ष दिलं असतं तर कदाचित त्यांच्यामागोमाग आत जाता आलं असतं! म्हणजे बघितलं तरी नुकसान, नाही बघितलं तरी नुकसान. उपदेशाला उभं राहायला जागाच ठेवलेली नाही.

बस्टर कीटनच्या ‘द जनरल’ या १९२६ सालच्या मूकपटात याच जातीचं एक दृश्य आहे. कीटन आपल्या आगगाडीच्या इंजिनासाठी लाकडं फोडण्यात इतका गढलेला आहे, की त्याच्या पाठीमागून त्याच्याच बाजूचं सगळं सैन्य माघार घेऊन निघून जातं आणि मागोमाग शत्रूचं सैन्य पुढे येतं, तरी त्याला कळत नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धाचा पट पार्श्वभूमीला आणि पुढे एक माणूस कुऱ्हाड चालवतोय. रूळ, इंजिन, एकाग्रता, पाठीमागे इतिहास: ‘बर्न-ई’चं सगळं सामान या एका प्रसंगात आहे. हे मी ओढूनताणून जोडत नाही. ‘वॉल-ई’चे दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी सांगितलेलं आहे की चित्रपटाच्या तयारीच्या काळात त्यांची मंडळी जेवणाच्या सुट्टीत चॅप्लिन आणि कीटन यांचे मूकपट नेमाने पाहत होती. मॅक्लेन ‘वॉल-ई’च्या ॲनिमेशन चमूत होते, ‘बर्न-ई’च्या कथेत स्टँटनही आहेत. ‘वॉल-ई’वर चॅप्लिनची छाया जास्त आहे, तो प्रेमळ, भाबडा आणि रडवणारा. ‘बर्न-ई’ कीटनच्या घराण्यातला. कीटन प्रेक्षकाकडे सहानुभूती मागत नाही. त्याच्यावर घर कोसळलं तरी तो पुढच्या अडचणीचा विचार करत असतो.

वेल्डिंग शिकणाऱ्या मुलांच्या एका गटाबरोबर हा लघुपट पाहायची मला संधी मिळाली होती. ती मुलं हसली, पण आपण हसतो तिथे नाही. पहिला दिवा कापला गेला तेव्हा मागून कोणीतरी चुकचुकलं. दुसरा दिवा तरंगत गेला तेव्हा एकजण म्हणाला, ‘‘अरे, आधी टॅक मारून घ्यायचा ना!’’ बरोबरच आहे. जॉब जागेवर धरायला आधी दोन-चार ठिकाणी छोटे डाग द्यायचे, मग पूर्ण सांधा. मोकळा जॉब सोडून मान वळवायची नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आणि काळ्या काचेतून काम करताना समोरच्या वितळलेल्या ठिपक्याखेरीज जगातलं काहीच दिसत नाही, हे बर्न-ईच्या तिसऱ्या फेरीबद्दल त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. मग प्रश्न आला: ‘‘सर, तिथं हवाच नाय, तर वेल्डिंग होतंय कसं?’’

प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर चित्रपटापेक्षा कमी रंजक नाही. आपल्या शेडमधला विजेचा चाप टिकायला आजूबाजूला वायू लागतो, तोच आयनीभूत होऊन वीज वाहून नेतो. निर्वातात तो टिकवणं अवघड. पण इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून वेल्डिंग करायची पद्धत आहे, तिला निर्वातच हवा असतो. पृथ्वीवर त्यासाठी पंप लावून खास पेटी रिकामी करावी लागते, अंतराळात ती सोय फुकट. ऑक्टोबर १९६९ मध्ये सोयूझ-६ या सोव्हिएत यानात व्हालेरी कुबासॉव्ह यांनी हा प्रयोग पहिल्यांदा केला. उपकरणाचं नाव ‘वुल्कान’, ते बनवलं होतं कीव्हच्या पॅटन वेल्डिंग संस्थेने. यानाच्या एका कप्प्यातली हवा सोडून देऊन, शेजारच्या कप्प्यात बसून दुरूनच त्यांनी वेगवेगळ्या पद्धतींनी धातू जोडून पाहिला. त्या प्रयोगात झोताने आतल्या भागालाच इजा पोचली होती, हे नंतर सांगितलं गेलं. जहाजाच्या कवचाला आपल्याच ज्योतीने भोक पाडणारा बर्न-ई त्यामानाने फार काही जगावेगळं करत नाही.

पुढे २५ जुलै १९८४ रोजी स्वेतलाना सावित्स्काया साल्यूत-७ या स्थानकाच्या बाहेर पडल्या, अंतराळात चालणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्या दिवशी त्यांनी तिथे काय केलं हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्यांनी हातात धरायच्या इलेक्ट्रॉन झोताच्या उपकरणाने धातू कापला, सांधला, झाळला. सुमारे साडेतीन तास त्या आणि व्लादिमीर झानिबेकॉव्ह बाहेर होते. म्हणजे उघड्या अंतराळात हातात उपकरण धरून पहिल्यांदा वेल्डिंग केलं ते एका बाईने. मुलांच्या त्या गटात दोन मुली होत्या, त्यांना हे सांगताना मला जो आनंद झाला तो इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आणि एक योगायोग, जो कथाकाराने रचला असता तर आपण त्याला हसलो असतो. ‘वॉल-ई’ची तबकडी, आणि तिच्यात ‘बर्न-ई’, अमेरिकेत विक्रीला आली ती १८ नोव्हेंबर २००८ रोजी. त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर हाइडमरी स्टेफनिशिन-पायपर ही अंतराळवीर दुरुस्तीचं काम करत होती. स्थानकाचे सौर पंखे सूर्याकडे वळवणारा एक मोठा सांधा धातूच्या कीसाने खराब झाला होता. तो पुसायचा, त्याला ग्रीस लावायचं, असं अगदी मेंटेनन्स खात्याचं काम. पिशवीत ग्रीसची पिचकारी गळाली होती, ती पुसता पुसता हत्यारांची पिशवीच सुटली आणि तरंगत निघून गेली. किंमत सुमारे एक लाख डॉलर. जोडीदाराच्या पिशवीतली हत्यारं वाटून घेऊन दोघांनी काम पुढे चालू ठेवलं. ती पिशवी कित्येक महिने पृथ्वीभोवती फिरत राहिली, हौशी आकाशनिरीक्षकांनी जमिनीवरून ती टिपलीही, आणि ऑगस्ट २००९ मध्ये वातावरणात शिरून जळून गेली. दुकानांत त्या दिवशी ज्यांनी तबकडी घेतली, त्यांच्या पडद्यावर संध्याकाळी बर्न-ईचा दुसरा दिवा अगदी तसाच हातून सुटत होता.

त्याच २००८ साली मार्च महिन्यात स्थानकावर एक खराखुरा दुरुस्ती-यंत्रमानव पोचला होता. त्याचं नाव डेक्स्टर, कॅनडाने बनवलेला, दोन लांब हातांचा. स्थानकाच्या कण्यावर रूळ आहेत आणि त्यावरून सरकणाऱ्या फलाटावर त्याला बसवता येतं. त्याचं पहिलं अधिकृत दुरुस्तीचं काम व्हायला ऑगस्ट २०११ उजाडला: जमिनीवरच्या माणसांनी त्याला चालवून वीजपुरवठ्याची एक बिघडलेली पेटी बदलून घेतली. त्या बातमीला कोणी मोठा मथळा दिल्याचं मला आठवत नाही. दुरुस्तीची हीच रीत. ती नीट झाली की घडल्यासारखी वाटतच नाही.

पण तो दिवा हवा कोणाला होता? ‘बर्न-ई’ दुसऱ्यांदा पाहताना हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. ‘ॲक्सिअम’वरची माणसं सातशे वर्षं अंतराळात आहेत, तरंगत्या खुर्च्यांत पडून डोळ्यांसमोरच्या पडद्याकडे बघतात, खिडकीबाहेर तारे आहेत हेही त्यांना ठाऊक नसतं. जहाजाच्या बाहेरच्या अंगाला, त्या एवढ्या झगमगाटात, एक दिवा बंद असला काय नि चालू असला काय. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात एक वायरमन असतो. सनई चालू असते, मंगलाष्टकं चालू असतात, नवरीची आई रडत असते आणि हा शिडीवर उभा राहून माळेतला एकच न लागणारा बल्ब हलवत असतो. तो बल्ब लागला नाही तर लग्न अडणार नसतं, त्यालाही ते माहीत असतं. तरी तो शिडीवरून उतरत नाही. बर्न-ई हा माझ्या मते त्या जातीचा आहे. त्याला कोणी शाबासकी देणार नाही, कोणी रागावणारही नाही बहुधा. त्याला तो दिवा लागलेला बघायचा आहे. त्याच्या कष्टात आज्ञापालनापेक्षा हट्ट जास्त आहे आणि म्हणूनच तो यंत्र वाटत नाही.

यंत्र वाटत नाही हे साधायला मात्र फार मेहनत लागते. हाताने काढलेल्या चित्रपटांत पात्राला जिवंतपणा येतो तो शरीर दबण्या-ताणण्यातून. उडी मारण्याआधी बसकं व्हायचं, हवेत लांब व्हायचं, पडल्यावर चपटं व्हायचं. धातूच्या डब्याला हे कसं करायला लावणार? जॉन लॅसेटर यांनी १९८६ साली ‘लक्सो ज्युनिअर’ या दोन मिनिटांच्या लघुपटात टेबलावरच्या दिव्याकडून हे करून दाखवलं. दिव्याचा धातू तसूभरही ताणला जात नाही, पण त्याचे सांधे मिटतात आणि उघडतात, आणि दबणं-ताणणं दिसतं. पुढच्याच वर्षी त्यांनी हे सगळं एका शोधनिबंधात मांडलं, तो आजही ॲनिमेशनच्या वर्गांत वाचला जातो. संगणकाला त्या काळी कातडी, केस, कापड जमत नव्हतं. प्लास्टिक आणि पत्रा छान जमत होता. म्हणून दिवे, खेळणी आणि पुढे यंत्रमानव. अडचणीतून शैली निघाली. (निर्जीव वस्तूला एकेका चौकटीने हलवून हसवायचा उद्योग आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये केलाच होता. आगकाडीला तर सांधेही नसतात.)

बर्न-ईला या हिशेबानेही कमीच मिळालेलं आहे. वॉल-ईला निदान दुर्बिणीसारखे दोन डोळे आहेत, ते वाकडे झाले की आपण विरघळतो. बर्न-ईच्या तोंडावर वेल्डरचा मुखवटा. बोलायला शब्द नाहीत, नुसते आवाज. पाय नाहीत, रूळ आहे. रुळामुळे त्याला दचकून मागे पळता येत नाही, रागाने येरझाऱ्या घालता येत नाहीत, आडवळणाने निसटता येत नाही. मान, खांदे आणि हात यांच्यावर सगळा अभिनय. एका सेकंदाला चोवीस चौकटी धरल्या तर साडेसात मिनिटांत दहा हजारांवर चौकटी होतात. त्यात हा पठ्ठ्या किती वेळा नुसता थांबतो ते मोजून पाहा. वस्तू हातून गेली आहे हे कळण्याच्या आधीचा तो अर्धा सेकंद, त्यात काहीही हलत नाही आणि सगळं कळतं. पुस्तिकेच्या लेखकांनी या थांब्यांवर एक संपूर्ण प्रकरण दिलं आहे, ते मला या पुस्तिकेतलं सर्वांत उपयोगी वाटलं.

दार बंद झाल्यानंतर काय होतं ते थोडक्यात सांगतो, सगळं उघड करत नाही. आत जहाजाच्या ताब्यासाठी कप्तान आणि स्वयंचलित सुकाणू यांची झटापट चाललेली असते, मानवजातीचं भवितव्य ठरत असतं. बाहेर बर्न-ईला फक्त आत जाऊन बटण दाबायचं आहे. जहाज कलतं, आतली माणसं घरंगळतात, हे आपण मूळ चित्रपटात श्वास रोखून पाहिलेलं असतं. तेच आता बाहेरून दिसतं. मानवजात वाचते, पृथ्वीवर परत येते, सातशे वर्षांचा वनवास संपतो. बर्न-ईच्या लेखी या सगळ्याचा अर्थ इतकाच, की दिवा अजून लागलेला नाही. शेवटी तो लागतोही. आणि मग आकाशातून धातूचा एक तुकडा येतो.

तो तुकडा कुठला, हे वाचकांनी स्वतः शोधावं. पण त्या प्रहाराला मी चित्रपटाचा खरा सच्चेपणा म्हणतो. लहान मुलांसाठी बनवलेल्या, एका बलाढ्य कंपनीच्या लघुपटात शेवटी दिवा लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, असा शेवट किती सोपा होता! मॅक्लेनने तो एका क्षणापुरता दाखवला आणि फोडला. दाद मिळते ती एवढीच: सप्लाय-आरचा हात, पाठीवर. स्टोअरवाल्यानेच समजून घेतलं, याहून मोठा सत्कार या खात्यात होत नाही.

खोडी काढायचीच तर दोन काढता येतील. मधला काही भाग, विशेषतः जहाजाच्या आतबाहेरची धावपळ, पहिल्या तीन फेऱ्यांइतका रेखीव नाही. तिथे घटना जास्त आणि गंमत कमी होते. शिवाय मूळ चित्रपट न पाहिलेल्याला हा लघुपट निम्माच कळतो. स्वतःच्या पायावर उभा राहणारा लघुपट आणि दुसऱ्याच्या फटीत बसवलेला लघुपट यांत फरक आहे. पण त्या फटीत बसण्याची कारागिरीच इथे बघायची आहे, तेव्हा ही तक्रार मी फार ताणत नाही. जे. ए. सी. रेडफर्ड यांचं संगीत मूळ चित्रपटातल्या थॉमस न्यूमन यांच्या संगीताच्या शेजारी बसून वेगळ्याच चालीने चालतं. त्याबद्दल पुढे वाचालच.

मॅक्लेन यांचं नंतर चांगलं चाललं. ‘टॉय स्टोरी ऑफ टेरर’ दिग्दर्शित केला, ‘फाइंडिंग डोरी’मध्ये सहदिग्दर्शक झाले. वॉल-ईची लेगोच्या तुकड्यांची प्रतिकृतीही त्यांनीच रचली, ती २०१५ साली बाजारात आली. मग २०२२ मध्ये ‘लाइटइयर’ हा मोठा चित्रपट त्यांच्याकडे आला आणि तो अपेक्षेइतका चालला नाही. पुढच्या वर्षी डिस्नेच्या कपातीत पिक्सारमधल्या ७५ जणांना काढण्यात आलं, त्यांत सव्वीस वर्षं तिथे घालवलेले मॅक्लेन होते. त्यांच्याबरोबर ‘लाइटइयर’च्या निर्मात्या गॅलिन सस्मनही होत्या. या त्याच बाई, ज्यांच्या घरातल्या संगणकावरच्या प्रतीमुळे ‘टॉय स्टोरी २’ वाचला होता. १९९८ साली कोणाच्या तरी चुकीच्या आज्ञेने त्या चित्रपटाच्या फायली पुसल्या जायला लागल्या, राखीव प्रत धड निघेना. नुकतंच बाळ झाल्यामुळे सस्मन घरून काम करत होत्या, म्हणून एक प्रत त्यांच्या घरी होती. मी यातून कोणाला दोषी ठरवत नाही, धंद्याची गणितं धंद्याला माहीत. पण ‘बर्न-ई’ पुन्हा पाहताना हे सगळं डोक्यात येतं आणि आकाशातून येणाऱ्या त्या तुकड्याकडे थोडं वेगळ्या नजरेने बघावं लागतं.

पाहायचा क्रम म्हणाल तर आधी ‘वॉल-ई’ पूर्ण पाहा, तोही पार्श्वभूमीवर नजर ठेवून, मग हा लघुपट. लहान मुलं बरोबर असतील तर भाषेची काळजी नको, संवाद नाहीतच. मोठ्यांनी तिसऱ्या फेरीला चित्र थांबवून पडद्याच्या मागच्या कडेला काय चाललं आहे ते बघावं आणि मग या पुस्तिकेचं दुसरं प्रकरण उघडावं. वेल्डिंग येणारं कोणी ओळखीचं असेल तर त्याला शेजारी बसवा. तो काय म्हणतो ते समीक्षकांच्या म्हणण्यापेक्षा जास्त कामाचं असेल, आणि दुसरा दिवा सुटला की तो टॅकबद्दल बोलेल याची तयारी ठेवा.